कलीमभाईंचा भूकंप

भूकंपाला चार वर्षं झाली, तरी लातुरात कलीमभाईंच्या खाटेला लागून असलेल्या फळीवर उलटा ग्लास आणि त्यावर ताटली असायचीच. जमीन हलली की ताटली वाजणार, माणसं बाहेर पळणार. सगळ्या गल्लीचा तोच बंदोबस्त.

कलीमभाई खेड्यांतली पोरं जीपमधून शिकवणीला आणायचे. वीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही. आणि दोन महिन्यांपूर्वी कुणीतरी आवई उठवली, की कलीमभाई पितात! दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस तो. त्यांचा संशय सरळ शिवप्पावर. तोही जीपवालाच, दुसरा कोण असणार? हल्ली ब्रेक उशिरा लागतो, म्हणजे गॅरेजवाल्यानं मुद्दाम ढिले ठेवले असतील. बायको जोहरा किल्ली लपवते, म्हणजे तिचेही कान कुणीतरी भरलेत.

त्या सोमवारी कोपऱ्यावर सायकलवरची मुलगी थोडक्यात वाचली. ब्रेक उशिरा लागला. घरी येऊन कलीमभाई सुन्न होऊन खाटेवर बसले, फळीवर हात टेकवला, आणि ताटली खडखडली.

"जोहरा, पळ! भूकंप!"

आठवड्याभरातली ही तिसरी वेळ. गल्लीत कुणीच बाहेर आलं नव्हतं. जोहराही पळाली नाही. तिनं त्यांचा हात फळीवरून उचलून आपल्या हातात धरला. ताटली गप्प झाली.

"जमीन न्हाई हालत. तुमचा हात हालतोय. दोन महिने बघून राहिले मी."

डॉक्टरांनी तपासून कंपवात सांगितला. पायही उशिरा ऐकतो, म्हणाले. औषध लागू पडेपर्यंत गाडी बंद. कलीमभाईंना त्यांचाही संशय आला, पण ती सायकलवरची मुलगी डोळ्यांपुढून जाईना. संध्याकाळी ते शिवप्पाच्या दारात उभे राहिले.

"माझी पोरं तू ने, माझ्याच जीपमधून. पण खरं सांग, दारूचं तूच उठवलंस ना?"

"न्हाई कलीमभाई. गाडी डुलताना पोरांनीच बघितली. लई भ्याली होती ती."

किल्ली दिली, पण जोडीची दुसरी त्यांनी खिशात ठेवली. माणसाचा काय भरवसा!

सकाळी थांबे दाखवायला ते शिवप्पाशेजारी बसले. वाटेत बकरी आडवी आली. शिवप्पानं ब्रेक मारला, जीप थांबली, बकरी पलीकडे गेलीसुद्धा. तेव्हा कुठे कलीमभाईंचा उजवा पाय समोरच्या रिकाम्या पत्र्यावर दाबला गेला.

ते बराच वेळ पायाकडे बघत राहिले. मग खिशातली किल्ली काढून त्यांनी शिवप्पाच्या हातावर ठेवली.