गिटारमावशींची दीड मिनिटं

गिटारमावशी तांदूळ निवडायला बसल्या की जिना चढणाऱ्याला वाटे, आत कोणीतरी तार पाठवतंय. त्यांच्या उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत गिटार छेडायच्या नख्या असत, आणि स्वयंपाकघरात शिरतानाही त्या काढायचे कष्ट त्या घेत नसत. स्टीलच्या ताटात खडा बाजूला सारला की एक ‘टिक’, सुतळीचा धागा सापडला की दोन. कोणी हसलं, तर म्हणत, “हसा. काढल्या की हरवतात, हरवल्या की अर्धी सुट्टी शोधण्यात जाते. त्यापेक्षा भात वाजत शिजलेला बरा.”

भाईंदर पूर्वेला, गोडदेवच्या अंगाला, आमची चार मजली इमारत होती. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस गिरगावातल्या दोन खोल्या सोडून आम्ही तिथे आलो, तेव्हा मावशी आमच्यासमोरच्या दारात आधीच स्थायिक झाल्या होत्या. पन्नाशीच्या, अविवाहित, उंच, केसांचा घट्ट अंबाडा. मुंबईत एका औषध कंपनीच्या कचेरीत त्या टेलिफोनच्या बोर्डावर बसत. मी तेव्हा मराठी घेऊन एम.ए. करत होते आणि वहीच्या मागच्या पानांवर कविता लिहीत होते. मावशींना ते कसं कळलं कोण जाणे. पण पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला ‘कवयित्रीबाई’ करून टाकलं.

त्यांची गिटार हवाईयन. ती मांडीवर आडवी घेऊन त्या बसत. डाव्या हातातली पोलादाची कांडी तारांवरून सरकवली की सूर सुटा पडत नसे, मधासारखा ओघळत दुसऱ्या सुरापर्यंत जाई. भाईंदरची हवा मात्र तारांची वैरीण. मिठागरांवरून येणारा खारा वारा खिडकीच्या गजांना जसा खाई, तसाच तारांनाही. म्हणून वादन संपलं की जुन्या रेशमी साडीच्या तुकड्याने मावशी एकेक तार पुसत. तापलेल्या बाळाचं अंग पुसावं तशी. त्या फडक्याला लोखंडाचा आणि चंदनाचा मिळून एक वास येई. तो वास आला की मला आजही शनिवारची दुपार आठवते.

वीस वर्षं त्यांनी लग्नांत, गणपतीत, हळदीकुंकवांत दुसऱ्यांचीच गाणी वाजवली होती. त्यामुळे त्या स्वतःची धून वाजवू लागल्या की ऐकणारा हटकून विचारी, “हे कुठलं गाणं?” उत्तनहून मासे घेऊन येणारी कोळीणही पाटी उतरवता उतरवता म्हणाली होती, “गोड हाय गो, पन कंचा गाना हाय? मना आठवत न्हाय.” मावशी म्हणाल्या, “आठवणार कसं? माझंच आहे.” कोळणीने क्षणभर त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि पापलेटाचा भाव सांगितला. मावशी त्यावर खूप हसल्या, पण दार लावून आत आल्या तेव्हा म्हणाल्या, “एकदा तरी हे माझं म्हणून कुठेतरी वाजावं गं. एवढंच.”

ती संधी कचेरीतल्या मैत्रिणीच्या यजमानांकडून आली. ते टीव्हीवरच्या मालिकांना पार्श्वसंगीत देत. एका कौटुंबिक मालिकेसाठी त्यांना गिटार हवी होती. मावशी आपली चार मिनिटांची धून कॅसेटवर घेऊन त्यांच्याकडे अंधेरीला गेल्या आणि संध्याकाळी परतल्या त्या थेट आमच्या स्वयंपाकघरात. आईने पुढे केलेला चहा तसाच ठेवून त्या म्हणाल्या, “नाही म्हणाले नाहीत. हो पण म्हणाले नाहीत.”

“मग म्हणाले तरी काय?” आईने विचारलं.

“म्हणाले, ताई, तुम्ही वाजवता सुरेख. पण दार उघडायलाच तुम्हाला पाऊण मिनिट लागतं. तेवढ्यात माणूस उठून चहा टाकेल. मला सगळं मिळून दीड मिनिट पुरे. संपतं कुठे तेही स्वच्छ कळू द्या, कात्री लावता आली पाहिजे. आणि मुख्य म्हणजे, माझ्या मालिकेत माणसं बोलतात. तुमची गिटार त्यांना बोलू देत नाही.” मावशी अंबाडा सोडून पुन्हा बांधत म्हणाल्या, “आयुष्यभर लोकांना बोलायला फोन जोडून देतेय मी. आणि मला म्हणे बोलू देत नाही!” त्यांना पंधरा दिवसांची मुदत मिळाली होती.

दुसऱ्याच दिवसापासून मी त्यांची ‘माणसं’ झाले. त्या वाजवत आणि मी समोर बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचत असे. वाचताना जिथे मला आवाज चढवावा लागे, तिथे बोट वर करायचं. मावशी वाजवणं थांबवून सुरांच्या कागदावर शिसपेन्सिलीने फुली मारत. पहिल्या दिवशी कागदाचं मच्छरदाणीचं कापड झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळंच हळू वाजवून पाहिलं. पण हळू वाजणारी गिटार तर आणखीनच त्रासदायक निघाली. शेजारी कोणी कुजबुजत असावं आणि आपलं सगळं लक्ष तिकडेच लागावं, तसं माझं झालं. पाणीपुरवठ्याची बातमी मी तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा ‘टँकर’वरच अडखळले.

युक्ती सुचली ती त्यांच्या बोर्डावर. सोमवारी संध्याकाळी चपला न काढताच त्या दारात उभ्या राहिल्या. “अगं, मी गाढव आहे. बोर्डावर काय करते मी? घंटी वाजली की पटकन उचलते, नाव विचारते, जोडून देते. आणि मग? मग कानावरचं बाजूला करते! जोडून दिल्यावर लाईनवर थांबणारी ऑपरेटर म्हणजे चोंबडी. माझी धून तशी थांबते. चोंबडी आहे मेली.” त्या दिवशी सुरुवातीचं पाऊण मिनिट गेलं, त्याच्या जागी तीन स्वर आले, टेलिफोन उचलण्याइतके तत्पर. मग त्यांनी चाल बारीक तारांवरून जाड तारांवर उतरवली. बाईमाणसाचा आवाज जिथे वावरतो त्या उंचीवरून गिटार खाली गेली आणि माझ्या शब्दांखाली चटईसारखी पसरली.

राहिली ती एक मींड. धुनेच्या मध्यावर एक लांब, वळत जाणारी घसरण होती. उन्हात मिठाच्या ढिगाऱ्यावरून नजर खाली ओघळावी तशी ती पांढरी, दिपवणारी. साऱ्या इमारतीला तीच आवडे. आणि माझं बोट दर वेळी तिथेच वर होई. मावशी तिच्याभोवती चार दिवस घुटमळल्या. अखेर मला म्हणाल्या, “वर्तमानपत्र पुरे. तुझं काहीतरी वाच.” माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या, तरी वही आणली आणि वाचू लागले. कविता संपत आली तरी गिटार वाजेना.

“मावशी, वाजवा ना.”

“थांब गं. तू श्वास कुठे घेतेस ते बघतेय. तिथेच मला यायचंय, एरवी नाही.” मग कांडी खाली ठेवून म्हणाल्या, “मींड काढते. लाडकी आहे, म्हणून तर सारखी मध्ये येते.” आणि शिसपेन्सिलीने तिच्यावर आडवी रेघ मारून झाल्यावर, माझ्याकडे न पाहता, “तुझ्या कवितेतसुद्धा अशा दोन-तीन लाडक्या आहेत हो, कवयित्रीबाई.” मी रागाने घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातली पहिली ओळ खोडली.

कॅसेट घरीच भरायची होती. आमच्या मागे स्टीलच्या भांड्यांचा कारखाना होता आणि तिथला ठोका दिवसभर चाले. शांतता मिळे ती कामगारांच्या जेवणाच्या अर्ध्या तासात. त्या शनिवारी मावशींनी पंखा बंद केला, खिडक्यांत गोधड्या कोंबल्या आणि वरच्या मजल्यावरच्या जयाबेनना जिन्यातूनच बजावलं, “जयाबेन, आधा घंटा कुकर मत लगाना!”

“अरे बेन, सिर्फ तीन सीटी बाकी छे!”

“तीनों सीटी डेढ बजे के बाद मारना!”

पहिला प्रयत्न चांगला चालला होता, तोच खालून आरोळी आली, “म्हावरं हाय, म्हावरं!” दुसऱ्यात माझीच बांगडी वाजली. तिसऱ्या वेळी मी बांगड्या काढून, श्वास धरून, गोधडीच्या अंधारात बसले. दीड मिनिट. शेवटचा सूर संपला, आणि कारखान्याचा ठोका पुन्हा सुरू झाला. मावशींच्या कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला होता. तो पुसायला त्यांनी हात उचलला नव्हता.

होकार त्यांना बोर्डावरच मिळाला. पलीकडून संगीतकार म्हणाले, “जरा गिटार वाजवणाऱ्या बाईंना जोडून द्या.” मावशी म्हणाल्या, “जोडलंय. बोला.”

मालिकेचा तो भाग लागला तेव्हा आम्ही पंधराएक जण जयाबेनच्या रंगीत टीव्हीसमोर दाटीवाटीने बसलो होतो. पडद्यावर दोघी बहिणी गेलेल्या आईच्या साड्या वाटून घेत होत्या. फार बोलतही नव्हत्या. “ही तू घे.” “नको, तुला शोभेल.” जयाबेन पदराने डोळे टिपू लागल्या. भाग संपला, नावं भराभर वर सरकली, आणि नाक ओढत त्या मावशींकडे वळल्या, “पर बेन, आपका गिटार कब आएगा?”

“आ गया, जयाबेन.”

“हाय हाय! कब? मैंने तो सुना ही नहीं!”

सगळे हळहळले. कोणीतरी म्हणालं, आधी सांगायचं ना, कान देऊन ऐकलं असतं. मावशींनी हातातली गुळाची सुखडी संपवली, बोटं पुसली, म्हणाल्या, “छान झालं.” मला मात्र ते छान वाटलं नाही. वीस वर्षांनी त्यांचं स्वतःचं असं काहीतरी वाजलं, आणि भरल्या खोलीत ते कोणाच्या कानांपर्यंत पोचलं नाही. जिना उतरताना मी त्यांचा चेहरा वाचायचा प्रयत्न केला. त्या कठड्यावर बोटांनी ताल धरून चालल्या होत्या, एवढंच दिसलं.

त्यानंतर त्यांच्या आणखी दोन धुना त्या संगीतकारांनी घेतल्या. मग निवृत्ती आली आणि मावशी चिपळूणला बहिणीकडे राहायला गेल्या. निघताना त्यांनी मला रेशमी फडक्याचा अर्धा तुकडा दिला. “तुझ्याकडे तारा नाहीत, चष्म्याला वापर,” म्हणाल्या. मी पुढे लग्न होऊन मीरा रोडला, हाटकेशला राहायला गेले. माझ्या कविता छापून येऊ लागल्या. त्या छोट्या आणि शांत असतात असं वाचणारे म्हणत.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात एका दुपारी माझी धाकटी बहीण माझ्याकडे आली होती. घरातल्या एका जुन्या गैरसमजावरून आम्ही दोन वर्षं एकमेकींशी धड बोललो नव्हतो. कोपऱ्यात टीव्ही कोणीही न पाहता चालू होता. बोलता बोलता मी रडले, ती रडली, आणि जे सांगायचं होतं ते अखेर सांगून झालं. मग पडद्याकडे लक्ष गेलं. त्या दोघी बहिणी साडीची शेवटची घडी घालत होत्या. मालिका पुन्हा दाखवत होते. मावशींची दीड मिनिटं येऊन गेली होती. जिच्या श्वासांवर ती बेतलेली होती, त्या मलाही ऐकू आली नव्हती.

मी शरमून मावशींना सविस्तर पत्र लिहिलं, क्षमा मागितली. आठवड्याभरात चिपळूणहून पोस्टकार्ड आलं. प्रकृती ठीक, सांधे कुरकुरतात, फणस पुष्कळ लागलेत. आणि पत्त्याच्या बाजूला उरलेल्या जागेत, आडव्या बारीक अक्षरांत,

“तुझं बोलणं पुरं झालं ना?”