शरयूबाईंचं मत

साताऱ्याच्या शाळेत पस्तीस वर्षं शिकवून आणि प्रत्येक निवडणुकीची ड्युटी बजावून शरयूबाई अमेरिकेत, टेक्सासमधल्या शुगर लँडला आल्या, मुलगा सुशांत आणि नात अबोली यांच्याजवळ कायमचं राहायला. ग्रीन कार्ड मिळालं आणि बाई अमेरिकेच्या अशा प्रेमात पडल्या की विचारू नका. दोन हजार एकच्या सप्टेंबरनंतर गल्लीत पहिला झेंडा त्यांनी लावला. मराठी मंडळात कुणी "आपल्या देशात" म्हणालं की त्या फटकारत, "खाता इथलं ना? मग आपला देश हाच." लोक त्यांना टाळत, आणि त्यात लोकांचं काही चुकत नव्हतं.

साठी उलटल्यावर त्या गाडी शिकल्या. लायसन्सच्या खिडकीवरच्या मुलीने मान वरही न करता विचारलं, मतदार म्हणून नाव नोंदवायचं का? हा प्रश्न शरयूबाईंना! चष्मा पर्समध्येच ठेवून त्यांनी चौकोनांत फुल्या मारल्या आणि सही ठोकली. पुढे मतदार कार्ड घरी आलं. सरकारने कार्ड धाडलं म्हणजे हक्क आहेच, यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती. दोन याद्यांत नाव नको म्हणून साताऱ्याला अर्ज पाठवून त्यांनी तिथलं नाव कापून घेतलं. दोन हजार चारच्या नोव्हेंबरात पैठणी नेसून त्यांनी मत दिलं आणि तिथे मिळालेला 'मी मत दिलं' असा स्टिकर फायलीत जपून ठेवला.

तीन वर्षांनी नागरिकत्वाची मुलाखत झाली. अधिकाऱ्याने विचारलं, "नागरिकांचा सर्वांत महत्त्वाचा हक्क कोणता?"

"मतदानाचा," बाई पाठ केलेलं उत्तर खणखणीत आवाजात बोलल्या.

"बरोबर. इथे कधी मत दिलंय?"

अर्ज सुशांतने भरला होता. त्यात या प्रश्नापुढे "नाही" असं होतं. बाईंनी फाईल उघडून स्टिकर त्याच्यापुढे ठेवला, आणि शाबासकीची वाट बघत बसल्या. साहेबाचं हसू मावळलं.

"आई, नाही म्हणायचं ना यार! सिटिझन नसताना व्होट करणं क्राइम आहे इथे," गाडीत सुशांत ओरडला.

"सरकारी माणसाशी खोटं बोलू?"

वकील म्हणाला, हाकलून देतील, त्याआधी स्वतःहून जा. विमानतळावर अबोलीने विचारलं, "आजी, व्हेन आर यू कमिंग होम?"

साताऱ्याच्या भाड्याच्या खोलीवर एक तरुण शिक्षिका मतदारयादी घेऊन आली. तिने पानं दोनदा चाळली, मग सोबतच्या फायलीतून एक जुना अर्ज काढला.

"आजी, तुमचं नाव नाही यात. तुम्हीच अर्ज देऊन कापलंय. ही बघा सही."

सही त्यांचीच होती. अक्षर अगदी फळ्यावरच्यासारखं, सुरेख.