घोड्यांचा पोळा

आयर्लंडमध्ये शेतकरी ढिगाने आहेत, पण शेतकरी असल्याचा खरा गर्व एकाच माणसाला आहे, आणि तो लिक्सलिपच्या कॉम्प्युटर-चिपच्या कारखान्यात पांढरा झगा घालून काम करतो. क्लोनडॉकिनला या गृहस्थांच्या आणि आमच्या घराची भिंत एकच. नऊ वर्षं मी त्यांच्या गाडीतून कामाला जातो आहे, त्यामुळे जुन्नरकडच्या त्यांच्या दोन एकरांचा बांध न् बांध मला पाठ आहे. जमीन कसत होते त्यांचे थोरले भाऊ. या गृहस्थांनी आयुष्यात विळासुद्धा धरलेला नाही. पण सातबाऱ्यावर नाव होतं आणि तो सातबारा फोनमध्ये होता. नव्या माणसाला ते आधी सातबारा दाखवतात, मग नाव सांगतात. मागच्या अंगणात वीतभर वाफ्यात मेथी लावली आहे. पाऊस पडला की, म्हणजे रोजच, तिच्याकडे बघत "यंदा पीकपाणी बरं दिसतंय" म्हणतात. आतून लेक ओरडते, "डॅड, इट्स जस्ट रेन!"

गेल्या सप्टेंबरात भावाचा फोन आला. गुडघे गेलेत, आता होत नाही, जमीन विकू, तेवढं तुझ्या सहीचं मुखत्यारपत्र पाठव. वकिलातीचा शिक्का झाला, पाकीट बंद झालं, आणि गृहस्थ ते गाडीच्या कप्प्यात घालून पंधरा दिवस हिंडत राहिले. रोज वाटेत पोस्टाची हिरवी पेटी लागायची आणि रोज नेमकी तिथेच त्यांना घाई व्हायची.

अशात नांगरटीची मोठी जत्रा आली. ट्रॅक्टर, गाई, मेंढ्या, चिखल, आणि त्या चिखलात निम्मा देश. "आपल्या लोकांत एक दिवस जाऊन येऊ," ते म्हणाले. मी रजा टाकली. तिथे त्यांनी माणसापेक्षा उंच चाकाला लाथ मारून पाहिली, विकणाऱ्याला "आमच्या काळ्या मातीत हा रुतेल" असं सुनावलं आणि भेटेल त्याला एकरांचे गुंठे करून दिले. लोकही "ग्रँड, ग्रँड" म्हणत ऐकून घेत होते. इथली माणसं फार सोशिक.

त्या दिवशी त्यांच्या गावाकडचा भाद्रपदी पोळा होता, हे मला कळलं ते घोड्यांपाशी. घोड्यांच्या नांगरटीची स्पर्धा सुरू व्हायची होती. गृहस्थांनी पिशवीतून पुरणपोळ्यांचा डबा काढला, खिशातून कुंकवाची पुडी काढली, आणि मी "अहो दादा, अहो दादा" करेपर्यंत एका अवाढव्य घोड्याच्या कपाळाला कुंकू लागलंसुद्धा. दुसऱ्या घोड्याने पोळी द्यायची वाट पाहिली नाही, डब्यातच तोंड घातलं. मालक म्हातारा काठी टेकत आला, तर हे त्यालाच म्हणाले, "आज यांना जुंपायचं नसतं. वर्षभर राबतात, आज त्यांची सुट्टी."

"ग्रँड," म्हातारा म्हणाला, "तेवढं परीक्षकांना सांगून या." मग त्याने सहज विचारलं, "तुमची जमीन आहे का?"

मी फोन बाहेर यायची वाट पाहत होतो. फोन खिशातच राहिला.

"दोन एकर. भाऊ कसतो. त्याचे गुडघे गेलेत. विकायची म्हणतो."

म्हाताऱ्याने काठीने स्वतःच्या गुडघ्यावर टकटक केलं. "मग त्यालाही द्या की एक सुट्टी," म्हणाला आणि घोड्यांकडे वळला.

ती जोडी स्पर्धेत शेवटून दुसरी आली. त्यात पुरणाचा वाटा किती, हे आम्ही विचारायला थांबलो नाही. परतताना गृहस्थ शेतीवर एक अक्षर बोलले नाहीत. नऊ वर्षांत असं कधी झालं नव्हतं आणि मला ते मुळीच आवडलं नाही. हिरव्या पेटीपाशी गाडी थांबली. पाकीट आत सरकवून त्यांनी फटीत बोटं घालून ते पडलंय ना, हे बघितलं.

आता सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव आहे. गेल्या आठवड्यात कँटीनमध्ये नागपूरची एक नवी इंजिनिअर भेटली, तर यांनी लगेच फोन काढून तिला सातबारा दाखवला. जुनाच. त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली.

गाडीत बसल्यावर एवढंच विचारलं, "भाऊ काय म्हणतात, दादा?"

"सकाळी आठपर्यंत झोपतो," ते म्हणाले आणि गाडी सुरू केली.