दुसऱ्याचं गाऱ्हाणं

ताई अकोल्याच्या दवाखान्यात बेशुद्ध पडली होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते, म्हणून हा प्रवास. एरवी समाधीबिमाधीला जाणाऱ्यांतला मी नाही. मुळात देवच एवढा लांब, तिथं मेलेल्या संताचं वजन ते किती पडणार?

अमरावतीहून आधी रिद्धपूर, कारण महानुभाव पंथातल्या मावशीला तिथं दर्शनाला सोडायचं होतं. एसटी मिळते, निघताना गिला वडा खाऊन घ्या. पुढं समाधीला जायचा माझा बेत ऐकून मावशी रागावली नाही. एवढंच म्हणाली, "परमेश्वराले मधात कोनी लागत नाही, बापू. मधात जाऊ नये मानसानं."

दर्यापूरपासून पुढं जीप. भरल्याशिवाय हलत नाही, परतीची आधीच विचारून ठेवा. दुतर्फा फुटलेला कापूस होता. समाधीपाशी भर दुपारी कडूनिंबाचं पान हलत नव्हतं.

इथं आपलं गाऱ्हाणं आपण घालायचं नाही. संत आपल्यासाठी देवाकडे रदबदली करतो, तशी आपण परक्यासाठी करायची. दारात भेटेल त्याच्याशी अदलाबदल. मला झेंडू विकणारी माळीणबाई भेटली. मी तिला ताईचं नाव सांगितलं, तिनं नवऱ्याचं. तो कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेला.

"बरं वाटू दे, असं सांगू?"

"नाही," ती हार ओवता ओवता म्हणाली. "आता त्याले घेऊन जाय म्हना. माह्यानं पाहावत नाही."

शब्द बदलला तर दोघांचंही गाऱ्हाणं वाया जातं, असं पुजाऱ्यानं बजावलं. मी वाकलो आणि तिनं सांगितलं तेच बोललो. समाधीचा दगड सावलीतला, तरी अंगासारखा कोमट होता. पलीकडून कुणी कान लावून बसलंय असं वाटलं आणि मी घाबरून बाहेर आलो.

दिवेलागणीला अकोल्यात मोर्णेच्या पुलावर होतो, तेव्हा भावजींचा फोन आला. ताईनं डोळे उघडले होते, पाणी मागितलं होतं. मी रिक्षात ढसाढसा रडलो.

फळलं की गाऱ्हाणं नेणाऱ्याला नारळ द्यायचा असतो, म्हणून आठवड्यानं परत गेलो. माळीणबाईचं कपाळ कोरं होतं. माझा नारळ घेऊन तिनंही एक माझ्या हातावर ठेवला.

"त्याच दिवशी गेला, दिवे लागाच्या वक्ताले. सुटला बिचारा. तुमचे लय उपकार झाले, भाऊ."

संत रदबदली करतात का, हे तुम्हीच जाऊन ठरवा. मला ठरवायची भीती वाटते. तो नारळ घरी फडताळात आहे. ताई आता हिंडूफिरू लागली आहे, विश्रांतीला माझ्याकडेच आली आहे. परवा तिनं तो खाली काढला, कानाशी हलवून पाहिला आणि चटणीले फोडू का, म्हणाली. मी तिच्या हातातून घेतला आणि परत वर ठेवला.