राजीनामे मंजूर

आमच्या संस्थेची टीम बांधायला मुंबईहून एक तरुण सल्लागार आला होता. ज्या कंपनीने त्याला पाठवलं, तीच आम्हाला देणगी देत होती, त्यामुळे त्याचं निमूट ऐकणं भाग होतं. डोंबिवलीत अध्यक्षांच्या हॉलमध्ये त्याने आम्हाला दिवसभर बसवून ठेवलं, रंगीत चिठ्ठ्या वाटल्या आणि शेवटी पडद्यावर मोठ्या अक्षरांत एक वाक्य दाखवलं: मतभेद मोकळेपणाने मांडा. सगळ्यांनी माना डोलावल्या. बिचाऱ्याला आमची माणसं माहीत नव्हती.

संस्था म्हणजे शहाडला चालणारं विस्मरणाच्या रुग्णांचं केंद्र. सकाळी माणूस आणून सोडायचं, संध्याकाळी न्यायचं. माझा नवरा तिथे जायचा. त्याची साठीही उलटली नव्हती, पण सकाळचं दुपारी आठवत नव्हतं. एकदा तो गॅस सुरू ठेवून खाली उतरला, तेव्हापासून त्याला घरात एकटं ठेवायची माझी छाती नव्हती. केंद्र होतं म्हणून मी ठाण्याला कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करत होते, आणि नोकरी होती म्हणून घर चालत होतं. टीममध्ये रुग्णांच्या कुटुंबातलं कुणीतरी हवं, असं सल्लागाराने सांगितलं, म्हणून मला घेतलं. बाकीचे सोफ्यावर, मी डायनिंग टेबलाच्या खुर्चीवर.

बाकीचे म्हणजे तिघं. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक. कुणी मध्ये बोललं, तर आता वर्गाबाहेर उभं करतात की काय असं पाहायचे. खजिनदार सी.ए. होते आणि हसण्यातही काटकसर करायचे. चिटणीसबाई होमिओपॅथीच्या डॉक्टर, आवाज गोड आणि स्मरणशक्ती भयंकर. कोण कधी काय बोललं ते सगळं पाठ.

या टीमचं खरं काम मला पहिल्या महिन्यातच कळलं. ते होतं मनधरणी. अध्यक्षांचं कुणाशी पटलं नाही की ते राजीनामा द्यायचे. सुंदर अक्षरात कागदावर लिहायचे, त्याचा फोटो काढायचे आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचे. मग बाकीच्यांनी पेढे घेऊन त्यांच्या घरी जायचं, 'सर, तुमच्याशिवाय संस्था म्हणजे काय?' असं विचारायचं, त्यांनी खिडकीबाहेर बघायचं आणि दुसऱ्या चहानंतर विरघळायचं. पुढे खजिनदारांनी हे उचललं, मग चिटणीसबाईंनी. पाळीपाळीने एकजण रुसलेला आणि दोघं पेढ्यांच्या दुकानात, असा संस्थेचा कारभार चालायचा. ठरावांपुढे मात्र नेहमी 'एकमताने'.

अशात आमच्या केंद्राची इमारत पाडायला काढली. महिनाअखेर जागा सोडायची होती आणि विस्मरणाचे रुग्ण म्हटल्यावर दुसरी जागा कुणी देईना. शेवटी त्याच भागातल्या एका काकांनी नदीकडच्या रस्त्यावरचा आपला तळमजला देऊ केला. घराणं तिथलंच, जुनं शेतकरी. भाताच्या जागी आता त्यांच्या इमारती उभ्या होत्या. भाडं माफक. त्यांची आई शेवटी लेकरांनाच ओळखेनाशी झाली होती. दारात तिचा एक फोटो लावायचा, एवढीच त्यांची इच्छा होती.

"ताई," ते मला म्हणाले, "मना रविवारपर्यंत हो का नाय तेवरं सांगा. शिकवणीचा क्लासवाला जागेसाठी रोज फोन करतंय."

मी धावत बैठकीत सांगितलं. मला वाटलं, टाळ्या पडतील. अध्यक्ष म्हणाले, "फोटो? संस्थेच्या भिंतीवर व्यक्तिपूजा बसत नाही." केंद्राच्या जुन्या भिंतीवर त्यांचे स्वतःचे सत्काराचे फोटो होते, पण ते म्हणे संस्थेचा इतिहास होता.

आणि खजिनदारांना नेमका तेव्हा तो सल्लागार आठवला. त्यांनी मतभेद मोकळेपणाने मांडला.

अध्यक्षांचा राजीनामा आम्ही रिक्षात असतानाच ग्रुपवर आला. त्यात आपलं नाव आल्याचं पाहून खजिनदारांनी आपला टाकला. दोन पुरुषांच्या अहंकारात संस्था बुडते आहे, असं लिहून चिटणीसबाईंनी तिसरा. मग ग्रुप शांत झाला. तिघंही आपापल्या घरी पेढ्यांची वाट पाहत बसले, आणि पेढे न्यायला उरले मी एकटी. मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. आत नवरा झोपला होता. कॉलेजात काय लिहून द्यायचं, ते मी मनात जुळवायला लागले. माझा राजीनामा खरा असणार होता. तो मागे घ्या म्हणून कुणी येणार नव्हतं.

मग रागाच्या भरात मी संस्थेची घटना काढली. राजीनामा कार्यकारिणीने, म्हणजे आमच्या टीमने, मंजूर केला की लागू होतो, असं तिथे स्वच्छ लिहिलं होतं.

शनिवारी अध्यक्षांकडे गेले. ते इस्त्रीच्या झब्ब्यात तयार होते, त्यांच्या पत्नीने पोहे केले होते. मी पोहे खाल्ले. चांगले होते.

"सर, राजीनामा नक्की ना?"

"नक्की," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "आता माघार नाही."

"मग मंजूर. टीमने एकमताने मंजूर केला."

त्यांची मान गर्रकन वळली. "टीम म्हणजे कोण?"

"मी."

उरलेले दोन फोनवरच मंजूर केले. नियमात हे बसतं का, ते मी विचारलं नाही. विचारायला कुणी शिल्लकच नव्हतं. रविवारी काकांना हो सांगितलं आणि त्यांच्या आईंचा फोटो मागून घेतला. नव्या टीममध्ये मी रुग्णांच्या घरचेच लोक घेतले. आमची बैठक सकाळी केंद्राच्या दारात होते, आपापलं माणूस आत सोडता सोडता. सगळ्यांना कामावर पळायचं असतं. रुसायला वेळ कुणाला आहे?

नवं केंद्र सुरू झाल्यावर काही दिवसांनी अध्यक्ष आले. माजी अध्यक्ष. 'सहज' आले होते. माझ्याशी बोलले नाहीत. माझ्या नवऱ्याशेजारी बसले आणि त्यालाच सांगू लागले की एवढी वर्षं संस्थेला दिली आणि शेवटी विचारायलासुद्धा कुणी आलं नाही. त्यांचा आवाज चिरकला. मला वाईट वाटलं. ते वाटावं असं मला मुळीच वाटत नव्हतं.

नवऱ्याने सगळं मन लावून ऐकलं. मग त्यांचा हात हातात घेऊन म्हणाला, "असं कसं? तुम्ही रागावू नका. मी येतो ना तुमच्या घरी. कुठे राहता?"

सरांनी पत्ता सांगितला. थोड्या वेळाने नवऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं, तोंड पडलेलं दिसलं आणि त्याने पुन्हा तितक्याच कळवळ्याने विचारलं, "काय झालं हो? कुणी दुखावलं का तुम्हाला?"

सरांनी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. आता ते रोज येतात, त्याच खुर्चीत बसतात, आणि रोज त्यांची नव्याने मनधरणी होते. ते आले की मी पर्स उचलते आणि कामाला जाते.