घरावरचं जाळं

वादळ संध्याकाळपर्यंत किनाऱ्याला धडकणार होतं, म्हणून आम्ही खाडीकाठचे सगळे उंचावरच्या शाळेत निघालो होतो. आमची वाडी इतकी सखल, की उधाणाचं पाणी एरवीही अंगणात डोकावून जातं. शेजारचे काशिनाथदादा मात्र अजून कौलांवरच होते. मासेमारीचं जुनं जाळं त्यांनी जवळजवळ अख्ख्या छपरावर पांघरलं होतं आणि खाली पार्वतीवहिनी त्याच्या कडांना दगड बांधत होत्या.

मी बघत राहिले. एवढ्या वाऱ्यापुढे नुसती विणलेली भोकं! पण वाऱ्याला जाऊ द्यायचं आणि घर तेवढं धरून ठेवायचं, हे त्या जाळ्याला बरोबर कळत होतं. माझ्या माणसांना मी इतकं सैल कधी धरलं होतं, आठवेना.

"दादा, पुढचा कोपरा राहिला की!" मी ओरडले.

"राहू दे. तिथं वळचणीला चिमणीची पिल्लं हायत."

"अहो, कौलं तिथूनच उडतील!"

"उडाली तर उडाली," शिडी उतरत ते म्हणाले. "जाळ्यात सापडलेल्याचं काय होतं, ते मी जन्मभर बघितलंय."