ब्रह्मदेशातला शत्रू काष्टीच्या बाजारात

माझा मित्र ब्रह्मदेशच्या लढाईत इंग्रजांच्या बाजूनं विमान चालवायचा. काष्टीला परतून त्यानं ऊस लावला. पण रोज संध्याकाळी ओट्यावर बसून तो एवढी जपानी विमानं पाडायचा, की तिकडं कुणाला घरावर घालायला पत्रा विकत घ्यावा लागला नसेल. पंचवीस वर्षं ऐकणारा मी एकटा.

बहात्तरच्या सुमारास साखर कारखान्यात यंत्रं बसवायला एक जपानी आला. तोही त्याच आभाळात, पलीकडच्या बाजूनं लढलेला निघाला. झालं! दोघं मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलत, हाताचे तळवे विमानांसारखे एकमेकांमागं पळवत आणि खिदळत. मी आपला कोपऱ्यात सुपारी कातरत बसे. पोटात असा जाळ उठायचा, की त्यावर कारखान्याचा अख्खा हंगाम निघाला असता.

शेवटी म्हणालो, "अरं, त्यानं तुझ्यावर गोळ्या झाडल्या, आन् मी तुझ्या थापांना मान डोलावली!"

"तेच तर! तू नुसता व्हय म्हणतोस. ह्यो मला खोटं पाडतो. लई मजा येते लेका!"

पुढच्या बाजाराला मी जपान्याला बैल बघायला नेलं. मित्र मागोमाग आलाच. आमच्याकडं बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली बोटं दाबून ठरवतात. ती खूण जपान्याला शिकवून मी एका मरतुकड्या बैलाला हत्तीचा भाव सांगितला. तो हसून हसून वाकला आणि त्यानं उलट माझी बोटं दाबली.

मित्र मान लांबवून म्हणाला, "काय म्हणतोय रं त्यो?"

"न्हाई सांगत," म्हणालो आणि उपरणं आणखी ओढून घेतलं.